नळावरचा पांढरा थर आणि व्हिनेगरची बाटली : कुठे भिजवावे आणि कुठे थेंबही पडू देऊ नये

आमच्या सोसायटीत पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत धरणाचे पाणी येते आणि मार्च उजाडला की बोअर आणि टँकर सुरू होतात. हा बदल कोणी सूचनाफलकावर लिहिण्याची गरज पडत नाही, कारण साबणाचा फेस कमी होतो, तूरडाळ एक शिट्टी जास्त मागते, आणि पंधरा दिवसांत नळाच्या बुडाशी पांढरी कड दिसू लागते. ही कड आधी घासणीने घासली जाते, मग तारेच्या घासणीने, आणि शेवटी दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेल्या ॲसिडने. तोपर्यंत नळाचा क्रोम मुलामा अर्धा गेलेला असतो आणि थर मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा हजर असतो. या थरावर स्वयंपाकघरातले साधे व्हिनेगर उत्तम काम करते, पण ते शक्तीचे काम नाही, वेळेचे काम आहे. घासण्याऐवजी भिजवायचे असते, आणि भिजवण्यापूर्वी त्या थराखाली काय आहे हे पाहायचे असते. पुढील सर्व पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

थर नेमका कशाचा असतो

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते, किंचित आम्लधर्मी होते, आणि खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोबत घेऊन खाली उतरते. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकाच्या झिजेतून हे दोन्ही क्षार सुटतात, शिवाय काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. विदर्भात वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात तर खडकच चुनखडीचा आहे. सह्याद्रीच्या धरणांत साठणारे पावसाचे पाणी जमिनीत फारसे मुरलेले नसते, म्हणून ते हलके असते. त्याच शहराच्या उपनगरातल्या दीडशे-दोनशे फूट खोल बोअरचे पाणी जड असते. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हटले जाते तेच हे.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली जाते आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. समजा, आपल्या पाण्याची कठीणता ४०० आहे. मग शंभर लिटर पाण्यात चाळीस ग्रॅम क्षार आहेत. ते विरघळलेले असतात तोवर दिसत नाहीत. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रसायनाच्या भाषेत खडूच, मागे राहतो. गिझरमध्ये आणि किटलीत हे तापण्यामुळे होते, तर नळावर आणि काचेवर थेंब वाळण्यामुळे होते.

इथे एक फरक सांगायला हवा. जड पाणी आणि खारे पाणी एकच नव्हे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्यात सोडियमचे क्षार भरपूर असतात. त्यांपैकी मिठाचे डाग साध्या पाण्यानेच धुऊन निघतात, त्यांना व्हिनेगर लागत नाही. ओल्या फडक्याने जो डाग पुसला जातो आणि जो अजिबात हलत नाही, त्यांतला फरक बहुधा हाच असतो.

आधी एक थेंब

कामाला लागण्यापूर्वी ड्रॉपरने किंवा चमच्याच्या टोकाने थरावर व्हिनेगरचा एक थेंब टाकावा आणि कान जवळ न्यावा. बारीक चुर्रर्र आवाज आला आणि थेंबाच्या कडेने बुडबुडे उठले, तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि व्हिनेगरने निघेल. थर जुना आणि घट्ट असेल तर बुडबुडे दिसायला अर्धा-एक मिनिट लागतो, म्हणून घाई करू नये. काहीच झाले नाही, तर वर साबणाची साय बसलेली असण्याची शक्यता जास्त. भांड्यांच्या साबणाने ती जागा धुऊन, कोरडी करून पुन्हा थेंब टाकावा. तरीही काही घडले नाही, तर तो थर बहुधा सल्फेटचा किंवा सिलिकाचा आहे आणि त्यावर व्हिनेगरची बाटली रिकामी करण्यात अर्थ नाही.

हाच थेंब थराशेजारच्या मोकळ्या पृष्ठभागावरही टाकून पाहावा. तिथेही बुडबुडे आले, तर हातातली बाटली तिथल्या तिथे बंद करावी. तसे का, ते पुढे येतेच.

कोणते व्हिनेगर आणि किती

किराणा दुकानात मिळणारे पांढरे, पाण्यासारखे दिसणारे सिंथेटिक व्हिनेगर घ्यावे. त्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते, बाकी पाणी. ॲपल सायडर किंवा इतर रंगीत व्हिनेगर या कामाला महाग पडते आणि त्याचा रंग टाइल्सच्या सांध्यांत उतरतो. गोव्यातल्या घरी बनवलेले माडीचे व्हिनेगर कोणी भेट दिले असेल, तर ते नळावर घालणे हे पाप आहे, ते विंदालूसाठीच ठेवावे. उलट टोकाला, रसायनांच्या दुकानात मिळणारे तीव्र ॲसिटिक आम्ल घरात आणूच नये. ते त्वचा भाजते आणि त्याची वाफ डोळ्यांना व श्वासाला घातक असते.

प्रमाणाचा हिशेब एकदा समजला की अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला १२० ग्रॅम ॲसिटिक आम्ल लागते. ५ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये तेवढे आम्ल मिळवायचे तर २.४ लिटर व्हिनेगर लागेल, ४ टक्क्यांचे असेल तर ३ लिटर. म्हणजे १० ग्रॅम थरासाठी पाव लिटरच्या आसपास. नळाच्या बुडाशी असलेला थर एक-दोन ग्रॅमचा असतो, तिथे अर्धी वाटी पुरते. पण वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडबुडे येणे थांबले आणि थर शिल्लक असला, तर व्हिनेगर ‘चालत नाही’ असे नसून ते संपलेले असते. ते ओतून नवीन घ्यावे.

कोमट व्हिनेगर थंडापेक्षा बरेच जलद काम करते. गॅसवर उघडे उकळू नये, कारण वाफ डोळ्यांत झोंबते. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली दहा मिनिटे उभी करून ठेवली की पुरे. आणखी एक उपाय सर्वत्र सांगितला जातो, तो म्हणजे व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालणे. फेस भरपूर येतो आणि काहीतरी जोरदार घडत असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सोड्याने आम्ल मारले जाते आणि उरते ते सोडियम ॲसिटेटचे निरुपद्रवी, निरुपयोगी पाणी. थरावर खर्च व्हायचे आम्ल सोड्यावरच खर्च होते.

व्हिनेगरचा वास सहन होत नसेल, तर ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, चांगला पर्याय आहे. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम, म्हणजे तीन-चार मोठे चमचे घालावे. मात्र हे द्रावण खूप तापवू नये, कारण तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते आणि नवाच पांढरा साका खाली बसतो.

जिथे थेंबही पडू नये

आता त्या शेजारच्या थेंबाविषयी. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले दगड पाहिले, तर त्यांतले बहुतेक व्हिनेगरचे भक्ष्य आहेत. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून नाव पडलेली शहाबादी फरशी चुनखडकाची असते. स्वयंपाकाच्या ओट्याला आणि कपाटाच्या फळ्यांना वापरला जाणारा काळा कडप्पा चुनखडकाचा असतो. राजस्थानची कोटा फरशीही चुनखडकाचीच. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, आणि जुन्या वाड्या-चाळींतल्या मोझॅक फरशीत संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. नळावरचा थर आणि ही फरशी रसायनदृष्ट्या एकाच जातीची आहेत. व्हिनेगरला त्यांतला फरक कळत नाही, ते दोघांनाही सारखेच खाते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सिंकच्या नळाची जाळी भिजवायला व्हिनेगरची वाटी मी पॉलिश केलेल्या कडप्प्यावर ठेवली होती आणि वाटीच्या बुडाला ओघळ लागला होता. तासाभराने वाटी उचलली तर खाली एक फिकट राखाडी गोल उमटलेला. तो पुसून गेला नाही, तेल लावून लपला नाही, कारण तो डाग नव्हताच. तेवढ्या रेषेत पॉलिशच विरघळले होते. हात फिरवला की आजही तिथे किंचित खरखर लागते. तेव्हापासून वाटी नेहमी स्टीलच्या ताटात ठेवली जाते.

मोरीत शहाबादी किंवा कोटा फरशी असेल आणि त्यावर क्षार साचले असतील, तर आम्ल कोणतेच वापरू नये, लिंबू आणि चिंचही नाही. साबणाचे पाणी, नायलॉनचा ताठ ब्रश आणि थर जाड असल्यास प्लास्टिकच्या पट्टीने आडवे खरवडणे एवढेच करता येते. ग्रॅनाइट व्हिनेगरने विरघळत नाही, पण त्यावर दिलेला संरक्षक लेप उतरू शकतो, म्हणून तिथेही सांडले तर लगेच पुसावे. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना धोका नाही. धोका त्यांच्यामधल्या पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यांना असतो. कामापूर्वी ते सांधे साध्या पाण्याने पूर्ण ओले करून घेतले, की त्यांत आधीच पाणी मुरलेले असल्यामुळे व्हिनेगर कमी शिरते.

धातूंमध्ये ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि तशाच मुलाम्याचे जुने लोखंडी (जीआय) पाइप यांना व्हिनेगरपासून दूर ठेवावे. विदर्भातल्या कूलरची पत्र्याची टाकी याच वर्गात मोडते. तिचे क्षार प्लास्टिकच्या खरवडणीने काढावेत आणि फक्त पंपाची प्लास्टिकची जाळी सुटी करून वाटीत भिजवावी. तांब्या-पितळेच्या भांड्यांत व्हिनेगर भरून ठेवू नये, हिरवट विषारी क्षार तयार होतात. तांब्याचा बंब आणि कळशी बाहेरून चिंचेने किंवा आमसुलाने उजळण्याची जुनी पद्धत योग्यच आहे, कारण त्यात आम्ल दोन मिनिटे लागते आणि लगेच धुतले जाते. काळ्या किंवा सोनेरी रंगाच्या नव्या पद्धतीच्या नळांवरही व्हिनेगर लावू नये, त्यांचा लेप नाजूक असतो.

नळ

सुरुवात भांड्यांच्या साबणाने करावी. नळावर साबणाची आणि हाताच्या तेलाची जी पातळ साय असते, ती आधी धुतल्याशिवाय व्हिनेगर थरापर्यंत पोहोचतच नाही. बहुतेकांचे काम इथेच फसते. नळ पुसून कोरडा करावा, कारण ओल्या नळावर व्हिनेगर पातळ होते.

जुन्या सुती बनियनची दोन बोटे रुंद पट्टी फाडून ती कोमट व्हिनेगरमध्ये बुडवावी, हलकी पिळावी आणि नळाच्या बुडाशी, जिथे थराची कड असते तिथे, घट्ट गुंडाळावी. पट्टीचा प्रत्येक भाग थराला टेकलेला असावा, अधांतरी राहिलेल्या जागी काहीच घडत नाही. वरून प्लास्टिकचा तुकडा गुंडाळला की पट्टी वाळत नाही. दहा मिनिटांनी पट्टी उचलून पाहावे. थर मऊ होऊन नखाला दाणेदार लागत असेल, तर जुन्या टूथब्रशने गोलाकार घासून धुवावे. शिल्लक असेल, तर पट्टी पुन्हा व्हिनेगरमध्ये बुडवून आणखी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. क्रोमच्या नळावर एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये, रात्रभर तर मुळीच नाही. मुलाम्याला बारीक चिरा असतील, तर व्हिनेगर त्यांतून खालच्या पितळेपर्यंत जाते आणि मुलामा सोलवटतो. एकदा लांब भिजवण्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने दोनदा थोडे भिजवलेले बरे.

नळाला धार बारीक येत असेल, तिरकी उडत असेल, तर दोष तोंडाच्या जाळीत असतो. ती काढण्यापूर्वी सिंकचे भोक झाकावे. सुटा झालेला बारीक वॉशर नेमका तिथेच उडी मारतो. जाळीच्या कड्याला फडके गुंडाळून हाताने किंवा पक्कडीने फिरवावे. कडे निघाले की आतले भाग, म्हणजे जाळी, प्लास्टिकची चकती आणि रबरी वॉशर, ज्या क्रमाने बाहेर आले त्या क्रमाने ताटात मांडून मोबाइलने एक छायाचित्र काढून ठेवावे. जाळी आणि चकती वाटीत तासभर भिजवाव्यात, वॉशर फक्त साध्या पाण्याने धुवावा. व्हिनेगरमध्ये बराच वेळ राहिला तर रबर खराब होऊ शकते. भाग परत बसवण्यापूर्वी नळ क्षणभर उघडून आत अडकलेली रेती वाहून जाऊ द्यावी.

शॉवर

शॉवर सहज निघत असेल, तर काढून पसरट टबमध्ये तोंड खाली करून ठेवणे सर्वांत सोपे. पण बोअरच्या पाण्यावरचा शॉवर दोन वर्षांनी सहसा निघत नाही, आटेच क्षारांनी धरलेले असतात आणि पाना जोरात फिरवला तर भिंतीतला पाइप हलतो. अशा वेळी दुधाची एक लिटरची रिकामी पिशवी कामाला येते. पिशवी धुऊन तिचा वरचा काठ सरळ कापावा, कोमट व्हिनेगर निम्म्याहून थोडे अधिक भरावे, आणि शॉवरचे तोंड पूर्ण बुडेल अशी ती खालून चढवून मानेशी दुहेरी रबरबँडने बांधावी. पिशवीचे वजन एकट्या रबरबँडला पेलत नसेल, तर सुतळीची एक गाठ वरच्या पाइपला मारावी. मोठ्या चौकोनी शॉवरला ही पिशवी पुरत नाही. त्याच्या तोंडावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला नॅपकिन चिकटवून वरून क्लिंग फिल्म लावावी.

क्रोमच्या शॉवरला अर्धा तास आणि पूर्ण प्लास्टिकच्या शॉवरला दोन-तीन तास पुरतात. पिशवीत डोकावले तर पांढऱ्या खपल्या तळाशी गोळा झालेल्या दिसतात. पिशवी काढताना ती तिरकी होऊन अंगावर येते, म्हणून खाली बादली ठेवून मग रबरबँड सोडावा. रबरी टोकांची छिद्रे असतील, तर प्रत्येक टोक अंगठ्याने चोळावे, आतला क्षार तुटून बाहेर येतो. धातूच्या चकतीची छिद्रे लाकडी दातकोरणीने मोकळी करावीत, टाचणीने छिद्र मोठे होते आणि धार कायमची तिरकी होते. शेवटी गरम पाणी दोन मिनिटे पूर्ण जोरात सोडावे.

काच, आरसा, टाइल्स आणि बादली

काचेच्या पार्टिशनवर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात फवारून दहा मिनिटे ठेवावे, ओघळून खाली जात असेल तर पुन्हा फवारावे, मग मऊ स्पंजने पुसून धुवावे आणि वायपरने कोरडे करावे. वर्षानुवर्षे साचलेल्या डागांखाली काच स्वतःच खरचटल्यासारखी झालेली असते. ओली असताना स्वच्छ दिसणारी आणि वाळली की पुन्हा धुरकट होणारी काच ही अशी असते, आणि तिच्यासाठी व्हिनेगरकडे उपाय नाही. आरशावर थेट फवारू नये. काठातून आत गेलेले आम्ल मागचा चंदेरी लेप खाते आणि कडेला काळे ठिपके पडतात. फडक्यावर घेऊन पुसावे.

बादली आणि मग यांवरचा राखाडी, चिकट थर हा शुद्ध क्षार नसतो. साबण आणि कॅल्शियम यांचे ते न विरघळणारे लग्न असते. आधी व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवावे, मग न धुताच त्यावर भांड्यांचा द्रव साबण घेऊन नायलॉनच्या घासणीने घासावे. दोन्ही लागतात, एकाने काम होत नाही.

किटली, कुकर आणि पाणी तापवायची कॉइल

विजेच्या किटलीत निम्मे पाणी आणि निम्मे व्हिनेगर, तळाचा थर बुडेल इतके घालून उकळी येताच बंद करावे. खिडकी उघडी असू द्यावी. अर्ध्या तासाने ओतून, दोनदा साधे पाणी उकळून फेकावे. पहिल्या उकळीला वास येतो, दुसऱ्यानंतर चहात काही जाणवत नाही. किटलीची वायर अर्थातच ओतण्यापूर्वी काढलेली असावी आणि तिचे बूड पाण्यात बुडवू नये.

ॲल्युमिनियमच्या कुकरच्या तळाशी येणाऱ्या काळपट-पांढऱ्या कडेसाठी आपल्याकडे भांड्याखालच्या पाण्यात चिंचेचे बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाची फोड टाकतात. आम्ल तिथे इतके थोडे असते की ॲल्युमिनियमला ते बाधत नाही, आणि क्षार बसण्याआधीच त्यांची सोय होते. त्यासाठी व्हिनेगर भिजवत ठेवण्याची गरज नाही.

बादलीत टाकायच्या कॉइलवर क्षारांचा जाड कवच चढतो आणि मग पाणी तापायला वेळ लागतो. प्लग काढून, कॉइल पूर्ण थंड झाल्यावर, फक्त वळसे बुडतील एवढे व्हिनेगर उंच प्लास्टिकच्या भांड्यात घेऊन तासभर ठेवावे. हातोडीने किंवा सुरीने कवच फोडू नये. बाहेरच्या नळीला चीर गेली, तर पुढच्या वेळी बादलीतल्या पाण्यात वीज उतरू शकते. थर निघाल्यावर नळीवर भेग किंवा फुगवटा दिसला, तर कॉइल बदलावी.

गिझरबाबत

साठवणीचा गिझर तापताना आतून टकटक, खदखद आवाज येऊ लागला, की तळाशी क्षार साचले असे समजावे. थराखाली अडकलेले पाणी वाफ होऊन फुटते त्याचा तो आवाज. इथे वरचा हिशेब आठवावा. रोज शंभर लिटर पाणी तापत असेल, कठीणता ४०० असेल आणि त्यातल्या क्षारांचा दहावा हिस्सा जरी आत बसला, तरी दिवसाला चार ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळपास दीड किलो थर होतो. तेवढ्याला चाळीसएक लिटर व्हिनेगर लागेल. शिवाय टाकीत गंजरोधक म्हणून बसवलेली मॅग्नेशियमची कांडीही आम्लात विरघळते. त्यामुळे गिझरमध्ये व्हिनेगर ओतण्याचा उद्योग करू नये. दर वर्षी-दोन वर्षांनी जाणकार तंत्रज्ञाकडून टाकी उघडून गाळ काढून घ्यावा, एलिमेंट साफ करावा, कांडी तपासावी. गच्चीवरच्या सोलर हीटरच्या काचनळ्यांनाही हेच लागू आहे. आपल्या हाती आहे ते तापमान. गिझरचा काटा ५० ते ५५ अंशांवर ठेवला, तर ७० अंशांच्या तुलनेत क्षार खूपच कमी बसतात.

वॉशिंग मशीन आणि वाफेच्या इस्त्रीत व्हिनेगर घालण्यापूर्वी त्यांची माहितीपुस्तिका पाहावी. अनेक उत्पादक रबरी भागांमुळे ते स्पष्ट मना करतात.

कशात मिसळू नये

व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. टाकी किंवा मोरी धुण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरली असेल, तर त्या दिवशी व्हिनेगर काढूच नये. भरपूर पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवशी काम करावे. टॉयलेटची जी साफ करण्याची द्रव्ये असतात, त्यांच्याशीही मिसळू नये. कमोडच्या पाण्याच्या रेषेवरचा थर व्हिनेगरने निघतो, पण आतले पाणी मगने उपसून कमी केल्यानंतर आणि थरावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला टॉयलेट पेपर चिकटवून तीन-चार तास ठेवल्यानंतरच, नाहीतर ते पाण्यात पातळ होऊन जाते. हातमोजे घालावेत, हाताला चीर असेल तर अधिकच.

थर पुन्हा बसू नये म्हणून

रोजच्या अंघोळीनंतर काचेवर आणि टाइल्सवर वायपर फिरवायला एक मिनिट लागतो, आणि नळ कोरड्या फडक्याने पुसायला त्याहून कमी. न वाळलेला थेंब डाग ठेवत नाही. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून त्याने फरशी पुसण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे, मात्र त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही दाट असतात. ते कुंड्या ठेवायच्या ओट्यावर किंवा अंगणात वापरावे, गाडीच्या काचेवर आणि काळ्या टाइल्सवर नको. बोअरच्या पाण्याच्या घरात नळांची पट्टी महिन्यातून एकदा आणि शॉवरची पिशवी तीन महिन्यांतून एकदा पुरते. टँकर सुरू असतील त्या महिन्यांत हे अंतर निम्मे करावे.

वापरलेले व्हिनेगर लगेच फेकण्याची गरज नसते. थराच्या एखाद्या सुट्या खपलीवर त्याचा थेंब टाकून पाहावा. बुडबुडे येत असतील, तर ते गाळून त्याच दिवशी बादलीसाठी वापरावे, येत नसतील तर पाण्यासोबत कमोडमध्ये ओतावे, शहाबादी मोरीत नाही.